लिंबाच्या वासाचा फेस

हिराजीकाका,

तुम्ही गेल्याचं मला आपल्या गेटवरच्या वॉचमनने सांगितलं, तेही भाजीची पिशवी लिफ्टपर्यंत आणून देता देता. "मॅडम, ते एसटीपीवाले काका आठवतात का? दिवाळे गावातले. वारले परवा." मी "अरेरे" म्हटलं, लिफ्टमध्ये शिरले, अकरावा मजला दाबला आणि वर पोचेपर्यंत समोरच्या आरशात बघितलं नाही. रडू वगैरे काही आलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मनात जे आलं ते सांगायचीही लाज वाटते, पण आज लाजेचंच काम काढून बसले आहे तर सांगते. मला वाटलं, सुटले. आता कुणालाच कळणार नाही.

खारघरच्या आपल्या सोसायटीत तुम्ही सहा वर्षं तळघरातला सांडपाण्याचा प्लांट चालवलात. आमच्या मोऱ्यांचं, संडासांचं, वॉशिंग मशीनचं पाणी खाली तुमच्याकडे यायचं आणि साफ होऊन फ्लशला आणि बागेला परत वर जायचं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही सोडून गेलात असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणायचे. तुम्ही सोडून गेला नाहीत. तुम्हाला काढलं, ते माझ्या एका वाक्यामुळे काढलं, आणि ते वाक्य खोटं होतं. हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

आपली ओळख झाली ती माझ्या धंद्यामुळे. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सुटल्यावर मी घरच्या घरी कपडे धुण्याचं लिक्विड करायला घेतलं. स्वयंपाकघरात केलेल्या पहिल्या घाण्याचा वास तीन दिवस गेला नाही. नवरा म्हणाला, एकतर हे राहील नाहीतर मी. मग कमिटीच्या हातापाया पडून मी तळघरात पंपरूमशेजारचा कोपरा मिळवला, आणि तुमची शेजारीण झाले. मी बीएस्सी केमिस्ट्री, म्हणून तोरा केवढा! अ‍ॅसिड स्लरी म्हणजे डिटर्जंटचा मूळ मसाला, काकवीसारखा घट्ट आणि काळपट. तो मी निळ्या पिंपात झाडूच्या दांड्याने ढवळत होते. तुम्ही दारात उभे राहून बराच वेळ बघत होतात.

"ताई, दांड्यानं नाय व्हायचं. गुठल्या तशाच ऱ्हातील तळाला. रुंद पातं पायजे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही एक मोडकं वल्हं घेऊन आलात. तुमच्या भावाच्या होडीचं, दांडा माझ्या उंचीला कापलेला, पातं पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलेलं. त्या वल्ह्याने पहिल्या खेपेला एकसारखं, मधासारखं लिक्विड तयार झालं. त्याची पहिली बाटली मी तुम्हाला दिली. आठवड्याने तुम्ही सांगत आलात, "आमची बाय खूश हाय. म्हावऱ्याचा वास जातो लुगड्याचा." बेलापूरच्या बाजारात मासळी विकणाऱ्या काकूंनी दिलेलं हे प्रमाणपत्र मी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. तुमचं नाव मात्र कधी घेतलं नाही. "माझ्या ओळखीतल्या एक कोळीण मावशी" असं म्हणायचे.

मला प्लांट तुम्ही समजावलात. पुस्तकात मी जिवाणू वाचले होते, तुम्ही त्यांना "माजी जनावरं" म्हणायचात. हवेच्या टाकीत ती घाण खातात, त्यांना हवा लागते, वेळच्या वेळी खाणं लागतं आणि एकदम काही नवीन घातलेलं त्यांना सोसत नाही. "थोडा साबन असंल तर तो पन खातात. पर सवय लागंपर्यंत कड काढावी लागते." सकाळी अकराला तुम्ही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत वरून येणारं पाणी भरायचात, दहा वेळा खसाखसा हलवायचात, ती पायरीवर ठेवायचात आणि चहा घ्यायला बसायचात. कप संपेपर्यंत बाटलीतला फेस बसला तर दिवस बरा. नाही बसला तर म्हणायचात, आज वर कुणीतरी गोधड्या काढल्यात. मी हसायचे. अहो काका, याला मीटर असतात! तुम्ही म्हणायचात, "मीटर हाय ना. पर त्याला चा पाजता येत नाय."

फेसावरून आपलं वाजायचं. माझं लिक्विड फार फेसाळतं, तो कमी करा, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत. "कपडा साबनानं निघतो, फेसानं नाय. तुमी शिकलेल्या, तुमाला कशाला सांगू?" मला ते ठाऊक होतंच. पण फेस आला नाही की बायकांना वाटतं, हिने पाणीच भरून दिलंय. एकीने तर बाटली परत आणून दिली होती. मी तुम्हाला म्हटलं, काका, तुम्ही एवढे घाबरता तर फेस मारायचं औषध का नाही टाकत टाकीत? सगळे टाकतात. तुम्ही रागावलात. माझ्यावर एवढे रागावलात ते एकदाच. "फेस दडपला म्हंजे साबन गेला का? वरून चकाचक दिसंल आन् खालून तसंच जाईल. जातं कुठं ठाव हाय ना? आमच्या खाडीत. माजा भाऊ तिथं जाळं टाकतो." मी वल्हं हातात घेतलं आणि जोरजोरात ढवळत बसले.

मग ती संक्रांत आली. सोसायटीचं हळदीकुंकू त्या वर्षी माझ्याकडे होतं, आणि वाण काय लुटायचं हे मी दिवाळीतच ठरवलं होतं. प्लॅस्टिकच्या वाट्या आणि टिकल्यांची पाकिटं सगळेच देतात. मी घरटी एक लिटर लिक्विड देणार होते, लिंबाच्या वासाचं, लेबलवर तिळगुळाचं चित्र. वाणाचं वाण आणि जाहिरातीची जाहिरात. बायकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून त्या घाण्यात स्लरी नेहमीच्या दुपटीने घातली. तुमच्याच वल्ह्याने ढवळली. भिंतीला लावलेल्या बाटल्यांच्या रांगा बघून तुम्ही हातातली बादली खाली ठेवलीत.

"ताई, ह्ये समद्या एकाच दिवशी वाटनार?"

"हळदीकुंकू काय हप्त्याहप्त्याने करतात का, काका?"

"येक मजला आज, येक मजला चार दिवसांनी, आसं करा. जनावरांना सवय हुईल."

मी हसून म्हटलं, तुमच्या जनावरांनाही तिळगूळ पाठवते. काय छान बोलले असं तेव्हा वाटलं होतं. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही.

शनिवारी संध्याकाळी वाण लुटलं. रविवारी सकाळी सगळ्या घरांत चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, जे सापडेल ते मशीनमध्ये गेलं, नवीन साबण कसा आहे ते बघायला. दुपारी एकच्या सुमाराला तळघराच्या उतारावरून फेस वर चढून आला. पांढराशुभ्र, गुडघाभर. मुलं "बर्फ पडला, बर्फ पडला" म्हणत त्यात लोळत होती, आयाबाप व्हिडिओ काढत होते. तुम्ही त्या फेसातून कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आलात, तोंडावर, केसांवर फेस, हातात फावडं, आणि मुलांवर ओरडलात, "भाईर व्हा! घान हाय ती!" मग तुम्ही पावसाळी गटाराच्या जाळीवर वाळूच्या गोण्या टाकायला धावलात, फेस तिथून खाडीकडे जाऊ नये म्हणून. मी पोडियमच्या कठड्याशी उभी होते. सगळ्या आवारात लिंबाचा वास दरवळत होता, काका. एक बाई मला म्हणाली, "अय्या, वास किती छान येतोय!" मी मान हलवली आणि घरी निघून गेले.

त्या आठवड्यात तुम्ही काय केलंत ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. तुमची जनावरं अर्धीअधिक फेसाबरोबर वाहून गेली होती. उरलेली आजारी. फ्लशच्या पाण्याला कुजका वास यायला लागला. तुम्ही बेलापूरच्या एका प्लांटवरच्या दोस्ताकडून चांगला गाळ कॅनमध्ये मागून आणलात, टेम्पोत घालून, दोनदा, आणि टाकीत विरजणासारखा लावलात. सकाळ-संध्याकाळ बाटली हलवून बघत होतात. त्या आठवड्यात मी माझ्या कोपऱ्याकडे फिरकलेच नाही. पाठदुखीचं निमित्त सांगितलं.

पुढच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये तातडीची सभा झाली. तुम्ही मागे भिंतीशी उभे होतात, धुतलेला निळा शर्ट घालून. चेअरमनसाहेब तापलेले. "सहा वर्षं झाली तुम्हाला इथे, आणि हे असं? उद्या नोटीस आली तर टेन्शन कुणाला? आम्हाला!" कुणी म्हणालं मोटर जास्त चालवली, कुणी म्हणालं काका डुलक्या काढतात. तुम्ही म्हणालात, "साबन लई आला वरून." एवढंच. कुणाकडून, ते बोलला नाहीत. मग चेअरमन माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या. तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सांगा, घरातल्या साबणाने असं होऊ शकतं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. पुढच्या दोन रांगांत वाण घेतलेल्या बायका होत्या. त्याच आठवड्यात शेजारच्या तीन सोसायट्यांनी माझ्याकडे लिक्विडची चौकशी केली होती. मला हे सगळं एका क्षणात दिसलं, तुम्ही सोडून. मी म्हटलं, "घरगुती साबणाने एवढं होत नाही. मेंटेनन्समध्ये काहीतरी राहिलं असावं."

या "असावं"ला मी दोन वर्षं धरून बसले होते. मी कुठे ठाम बोलले, मी फक्त "असावं" म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. मूल पडल्यावर लागलं का ते बघतो ना आपण, तसं. मग चेअरमनना म्हणालात, "मॅडम शिकलेल्या हायत. त्या म्हनतात तर आसंल." आणि बाजूच्या दाराने बाहेर गेलात. त्या महिन्याच्या शेवटी प्लांटच्या ठेकेदाराने तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवला. तोवर तुमची जनावरं सावरली होती, पाणी स्वच्छ यायला लागलं होतं. सगळे म्हणाले, बघा, माणूस बदलला आणि फरक पडला.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो. बेलापूरच्या बाजारात काकूंच्या शेजारी तुम्ही पाटावर बसला होतात, मासळीवर पाणी शिंपडत. मला बघून उठलात. "ताई! बऱ्या हाव ना? लिक्विड काय म्हनतंय?" बोलायचं तर आता, असं वाटलं, ओठांपर्यंत आलं सुद्धा. आणि मी विचारलं, "सुरमई ताजी आहे का?" तुम्ही स्वतः निवडून दिलीत, काकूंना पातळ तुकड्या करायला सांगितल्यात, मला तशा आवडतात हे तुमच्या लक्षात होतं. निघताना हळूच विचारलंत, "फेस कमी केला का?" मी म्हटलं, "हो, केला." तेही खोटं. एका थेंबानेही कमी केला नव्हता. ती सुरमई मी घरी सगळ्यांना वाढली, आणि माझी तुकडी नवऱ्याच्या ताटात सरकवली.

तुमच्या घरी मी पाचव्या दिवशी आले. दिवाळ्यात मी पहिल्यांदाच येत होते, आणि तेही तुम्ही नसताना. दारात सुकत घातलेली जाळी, आत काकू भिंतीला टेकून बसलेल्या, तुमचा फोटो स्टुलावर. "बस गो," म्हणाल्या. रिक्षात मी वाक्यं जुळवून आणली होती. दोन सांत्वनाची बोलून झाल्यावर मी सुरुवात केली, काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय, काका गेले ना प्लांटवरून, ती चूक... काकूंनी हात वर केला.

"म्हाईत हाय."

मी पर्स बाजूला ठेवली.

"त्या दिसा घरी आलं ते भिजलेलं. कपडे मी बालदीत टाकलं, पानी वतलं. साबन नाय लावला काय नाय, तरी बालदी फेसानं भरली. वर लिंबाचा वास. माज्या घरात तीच बाटली हाय, मला वास कलत नाय का?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी इचारलं त्यांना, ह्ये तुमच्या ताईचं ना? तर म्हनलं, तिचा आता कुठं जम बसतोय, तू कुठं बोलू नको. म्या नाय बोलले. सभेत तू काय बोललीस ते पन त्यांनी सांगितलं नाय. त्ये दुसऱ्याकडून कललं."

मी रडले, काका. पण ते रडणंही मला नीट जमलं नाही. स्वतःचीच कीव येत होती त्यात. काकूंनी मला पाणी दिलं. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला सांगून काय? जिथं बोललीस तिथं जाऊन बोल."

काल सभा झाली. तोच हॉल, त्याच खुर्च्या. पार्किंगच्या विषयाआधी मला पाच मिनिटं द्या म्हणून मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वाण, दुप्पट स्लरी, तुमचं सांगणं, माझं वाक्य. तुमची काही चूक नव्हती हे दोनदा म्हटलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, होतं असं. पण एवढं मोकळेपणाने बोलायला धाडस लागतं." आणि टाळ्या वाजल्या, काका. माझ्यासाठी. एक बाई येऊन मला मिठी मारून गेल्या. तुम्ही ज्या दाराने गेलात ते माझ्या समोरच होतं. तुम्ही खरं बोललात तर तुमचं काम गेलं, मी खोट्याची कबुली दिली तर माझं कौतुक झालं. आणि सगळ्यात वाईट सांगू? एक क्षण मला बरं वाटलं. शिवाय हे धाडस तुम्ही गेल्यावरच आलं, हेही मला कळत होतं. तुम्ही समोर असतात तर आज तरी बोलले असते का, मला सांगता येत नाही.

मी आग्रह धरला की हे सभेच्या इतिवृत्तात लिहा. सेक्रेटरींनी लिहिलं, त्याची प्रत मी घेतली आणि आज सकाळी ती घेऊन दिवाळ्याला गेले. काकूंना वाचता येत नाही. म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. "प्लांटमधील फेसाच्या घटनेस ऑपरेटर श्री. हिराजी यांची कोणतीही चूक कारणीभूत नव्हती, असे एका सदस्येने सभेच्या निदर्शनास आणून दिले. सभेने त्याची नोंद घेतली."

"परत वाच."

मी परत वाचलं. तुमचं नाव आलं तेव्हा काकू फोटोकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"एक सदस्या म्हंजे कोन?"

"मी."

"मंग तुजं नाव हाय का त्यात?"

नव्हतं. सेक्रेटरी काल लिहितानाच म्हणाले होते, मॅडम, तुमचं नाव नको, उगाच कायमचं राहील कागदावर. मी त्यांना "थँक्यू" म्हटलं होतं. काकूंना मी हे सांगितलं नाही, नुसती मान खाली घातली. त्यांनी तो कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

"त्यांचं हाय आन् तुजं नाय. मंग परत जा."

संध्याकाळी सेक्रेटरींकडे जाऊन आले. ते म्हणाले, आता सही झाली, पुढच्या सभेत बघू. पुढच्या सभेत मी परत उभी राहीन. त्याच्यानंतरही लागलं तर त्याच्यानंतर. तोवर हे पत्रच नोटीसबोर्डावर लावते आहे, लिफ्टच्या शेजारी, तुमच्या जागी नवीन माणूस आल्याची सूचना जिथे लागली होती तिथे. खाली नाव घालते आहे, काका. पूर्ण.

वृषाली दिनकर खटावकर
अकरावा मजला